दूध संस्थेतून पायथनच्या परीक्षेपर्यंत

जुलै ते ऑक्टोबर २०२३ या सत्रात मी 'स्वयम' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर एनपीटीईएलचा, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षण उपक्रमाचा, 'द जॉय ऑफ कॉम्प्युटिंग युजिंग पायथन' हा १२ आठवड्यांचा कोर्स केला, परीक्षा दिली आणि आता निकालही हातात आलाय. पायथन म्हणजे कॉम्प्युटरला सूचना लिहून द्यायची एक भाषा. सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यातल्या एका गावच्या दूध संस्थेत मी हिशोब बघते. बी.कॉम. होऊन वीसेक वर्षं झाली. शाळा मराठी माध्यमाची, कॉलेजातही पेपर मराठीतूनच लिहिले. आयआयटी हा शब्द आमच्या घरात पेपरातल्या निकालाच्या बातमीपुरताच यायचा. अशा कोर्सांबद्दल मराठीत शोधायला गेलं की 'घरबसल्या मोफत शिका' एवढंच सापडतं. नाव घातल्यावर पुढं काय होतं, पैसे कुठं लागतात, घोडं कुठं अडतं, हे कुणी सांगत नाही. म्हणून खर्चासकट सगळं लिहून ठेवतेय.

आमच्याकडं दुधाचं बिल दर दहा दिवसांनी निघतं. सकाळ-संध्याकाळचं संकलन, प्रत्येक उत्पादकाचा कोड, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) आणि त्यावरून दर. गाईच्या दुधाचं दरपत्रक ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून बसवलेलं असतं. तिथून पॉइंट खाली-वर झाला की दर बदलतो. मग त्यातून पशुखाद्याची उधारी, उचल, शेअरची कपात वजा करायची. मशीनच्या पावत्या एकीकडं, खाद्याची वही दुसरीकडं आणि ताळा जुळेपर्यंत सुटका नाही. एक्सेलवर मी बरंच काही करायचे, पण दर दहा दिवसांनी तेच ते परत. हे काम कॉम्प्युटरकडून कसं करून घेतात ते आपण शिकावं, असं फार दिवस मनात होतं.

माझ्या जावेची मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या कॉलेजात 'स्वयम'ची सूचना लागली तेव्हा ती संध्याकाळी येऊन म्हणाली, "काकी, तुम्हीपण नाव घाला. वयाची अट नाही, मार्कांची नाही." फी किती, हे मी परत परत विचारलं. शिकायला काहीच नाही. परीक्षा द्यायची असेल तरच १००० रुपये (२०२३ चा दर), तेही नंतर. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना त्यात निम्मी सवलत आहे.

नाव घालण्याआधी मी या कोर्सांची थोडी माहिती काढली. २०११ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात सेबास्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा त्यांचा कोर्स इंटरनेटवर सगळ्यांना खुला केला आणि सुमारे १,६०,००० लोकांनी नावं नोंदवली. पुढच्याच वर्षी कोर्सेरा आणि एडएक्स ही अशा कोर्सांची संकेतस्थळं सुरू झाली. आता जगातल्या कुठल्याही गावातल्या मुलाला उत्तमातला उत्तम शिक्षक मिळणार, अशी तेव्हा सगळीकडं हवा होती. आपलं एनपीटीईएल त्याच्याही आधीचं, २००३ सालचं. सात आयआयटी आणि बंगळूरची आयआयएससी यांनी मिळून ते उभं केलं. प्रमाणपत्राचे कोर्स २०१४ पासून आले आणि ९ जुलै २०१७ ला केंद्र सरकारनं 'स्वयम' सुरू केलं.

पण नाव घालणारे किती आणि शेवटपर्यंत जाणारे किती, हे आकडे वाचले आणि धास्तीच बसली. अमेरिकेतल्या एमआयटीनं २०१२ साली सर्किट्सचा पहिला खुला कोर्स काढला, त्याला दीड लाखाच्या वर नावं आली. पास झाले ७,१५७. पुढं २०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकात हार्वर्ड आणि एमआयटीच्या सहा वर्षांच्या कोर्सांचा अभ्यास आला. त्यात २०१७-१८ साली कोर्स पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण शंभरात साधारण तीन निघालं. प्रमाणपत्रासाठी ज्यांनी पैसे भरले होते त्यांच्यात मात्र ते कितीतरी जास्त होतं. मला त्यातून एवढं कळलं की ही सगळी माणसं मठ्ठ नव्हती. वेळ, सोबत आणि मुदत यांची सोय ज्याची त्यानं करायची असते, आणि बहुतेकांची ती होत नाही. आम्ही दोघींनी तेव्हाच ठरवलं की एकमेकींना धरूनच हे करायचं.

अधिक महिना चालू होता, दोघींनी एकाच दिवशी नाव घातलं. गुगलच्या ईमेलनं आत जाता येतं, पाच मिनिटांचं काम आहे. एक सांगते, ईमेल स्वतःचा वापरा. संस्थेचा, मुलाचा किंवा दुकानदारानं काढून दिलेला नको. पुढची सगळी पत्रं, हॉल तिकिटाची सूचना, निकाल, सगळं त्यावरच येतं आणि मध्येच बदलता येत नाही म्हणून लोकांचे हाल होतात.

कोर्स जुलैच्या चौथ्या आठवड्यात सुरू झाला. दर आठवड्याला दहा-पंधरा मिनिटांची बरीच व्हिडिओ-व्याख्यानं, त्यावर निवडीचे प्रश्न आणि शिवाय प्रोग्रॅम लिहायचे. शिकवणारे आयआयटी रोपडचे प्रा. सुदर्शन अय्यंगार आणि त्यांचे विद्यार्थी. पहिल्या आठवड्यात पायथन नव्हतंच. स्क्रॅच नावाच्या लहान मुलांच्या साधनावर मांजर हलवत हलवत 'एकानंतर एक सूचना' म्हणजे काय ते शिकवलं. ज्यांनी कधीच प्रोग्रॅम लिहिला नाही त्यांच्यासाठी ही सुरुवात मला फार मोलाची वाटते.

लॅपटॉपचा प्रश्न होता. मोबाईलवर व्हिडिओ बघता येतात, पण प्रोग्रॅम टाइप करून चालवायला मोबाईल अपुरा पडतो. ह्यांनी कोल्हापुरातून जुना लॅपटॉप आणला, सोळा हजारांच्या आसपास पडला. तोवर पुतणीच्या लॅपटॉपवर दोघी बसायचो. कोर्समध्ये ॲनाकोंडा नावाचं मोठं पॅकेज घालायला सांगतात. चार जीबी रॅमच्या मशीनवर ते उघडायलाच वेळ लागतो. त्याऐवजी गुगल कोलॅब वापरा. ते ब्राउझरमध्ये चालतं, काही घालावं लागत नाही. व्हिडिओ दिवसा संस्थेत रेंज चांगली असते तेव्हा कमी दर्जाचे उतरवून ठेवायचे, रात्री घरी बघायचे. म्हणजे लाइट गेली तरी मोबाईलच्या बॅटरीवर काम भागतं. इंटरनेटचा वेगळा खर्च मला असा फार आला नाही, नेहमीचा रोजचा डेटा पुरला.

इंग्रजीची भीती मला सगळ्यात जास्त होती. प्रत्यक्षात बोलणं सोपं होतं. शिकवणारे एकमेकांशी गप्पा मारल्यासारखं बोलतात आणि खाली इंग्रजी अक्षरं येतात. वेग पाऊणपट केला की मला सगळं पकडता यायचं. अडायचं ते प्रश्नात. 'खालीलपैकी कोणते विधान चूक नाही' अशा धाटणीचा लांबलचक इंग्रजी प्रश्न असला की उत्तर माहीत असूनही हात थांबायचा. असा प्रश्न मी वहीत उतरवून शेजारी मराठीत लिहायचे, मग सोडवायचे. एनपीटीईएलनं बऱ्याच कोर्सांच्या व्याख्यानांचे मजकूर भारतीय भाषांत आणलेत, त्यांत मराठीही आहे. कोर्सच्या पानावर ते आहेत का, हे आधी बघा. आयआयटी मुंबईचा 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पही आहे. त्यातल्या दहाएक मिनिटांच्या धड्यांच्या कित्येक मालिका मराठी आवाजात आहेत आणि पूर्ण मोफत. कॉम्प्युटरची ओळखच नवी असेल तर तिथून सुरुवात केलेली बरी.

आमची खरी शिस्त बसवली ती बुधवारनं. असाइनमेंट बुधवारी रात्री ११ वाजून ५९ मिनिटांपर्यंत द्यायची. मुदतीआधी कितीही वेळा बदलून देता येते, शेवटची दिलेली धरतात. १२ आठवड्यांपैकी सगळ्यात चांगल्या आठ असाइनमेंटची सरासरी काढतात, म्हणजे एखादा आठवडा लग्नात किंवा आजारपणात गेला तरी सगळं बुडत नाही. आमच्या घरात गौरी-गणपतीचा आठवडा तसाच गेला आणि त्याचं मला काही वाटलं नाही, कारण हा नियम आधी वाचून ठेवला होता. तुम्हीही पहिल्याच दिवशी वाचा.

बुधवारी संध्याकाळचं संकलन आटपून, जेवणं उरकून साडेनऊला आम्ही बसायचो. प्रोग्रॅम लिहिला की खाली काही नमुन्याची उदाहरणं असतात, त्यांवर तो चालवून बघायचा. उत्तर बरोबर असलं तरी छापताना शेवटी एखादी मोकळी जागा जास्त पडली तर 'पास्ड आफ्टर इग्नोरिंग प्रेझेंटेशन एरर' असा शेरा येतो. पहिल्यांदा तो बघून मी घाबरले. पुतणी स्क्रीनजवळ डोळे नेऊन म्हणाली, "काकी, शेवटच्या आकड्यानंतर स्पेस पडलाय बघा. बाकी बरोबर आहे." मुदत संपल्यावर न दाखवलेल्या उदाहरणांवरही प्रोग्रॅम तपासतात, त्यामुळं शून्य, एकच आकडा, रिकामी ओळ अशी आडवळणाची उदाहरणं आपणच घालून बघायची. आणि 'सबमिट' दाबायचं. नुसतं 'रन' करून उठणारे खूप असतात, असं पुतणीच्या वर्गात दिसलं.

डिक्शनरी हा भाग आला तेव्हा मी सावरून बसले. एका किल्लीला एक किंमत बांधायची. म्हणजे आमचा उत्पादकाचा कोड आणि त्यासमोर त्याचं दूध. मी तिथल्या तिथं आमच्या संकलनाच्या दहा ओळी घालून कोडवार लिटरची बेरीज काढली. चार ओळींचा प्रोग्रॅम होता तो. वहीतल्या बेरजेशी ताळा पहिल्या झटक्यात जुळला. त्या रात्री झोपायला उशीर झाला, पण सकाळच्या संकलनाला मी नेहमीपेक्षा लवकर पोहोचले.

आणखी एक प्रसंग सांगायचाच आहे. मॉन्टी हॉलचं कोडं म्हणून एक धडा आहे. तीन दारं, एकामागं बक्षीस. तुम्ही एक दार निवडता. ज्याला आतलं माहीत आहे तो माणूस उरलेल्या दोनांपैकी एक रिकामं दार उघडून दाखवतो आणि विचारतो, "बदलणार का?" बदललेलं चांगलं की धरून ठेवलेलं? मी म्हणाले काहीच फरक नाही, आता दोनच उरली, निम्मं-निम्मं. पुतणी म्हणाली बदलायचं. वाद मिटेना तेव्हा माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, उठल्या, तीन स्टीलच्या वाट्या पालथ्या घातल्या आणि एकीखाली चिंचोका ठेवला. मी वाटी निवडायची, आत्या रिकामी उचलून दाखवणार, पुतणी पाटीवर खडूनं रेघा ओढणार. एक डाव बदलून, एक न बदलता, असं बराच वेळ चाललं. शेवटी रेघा मोजून आत्या म्हणाल्या, "बदललं की जास्त येतंय की गं." मग तोच खेळ पायथनमध्ये लिहिला आणि दहा हजार वेळा खेळवला. बदलल्यावर जिंकायचं प्रमाण दोन-तृतीयांशाला येऊन ठेपलं. सुरुवातीला आपण चुकीची वाटी धरण्याची शक्यताच तीनात दोन असते, आणि बदललं की नेमकी तीच आपल्या कामी येते, हे मला पाटीवरच्या रेघांनी पटलं, नंतरच्या आकड्यानं पक्कं झालं. आत्या चौथीपर्यंत शिकलेल्या आहेत.

हा खेळ एकटीनं मोबाईलसमोर बसून झाला नसता. माझ्या थोरल्या नणंदेनं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं. नाशिकचं ते विद्यापीठ १९८९ मध्ये सुरू झालं, आणि त्याचं अभ्यासकेंद्र तालुक्याच्या गावात होतं. रविवारी ती तिथं जायची, चार बायका भेटायच्या, वह्यांची अदलाबदल व्हायची. शिकवणं आजच्या आयआयटीच्या तोडीचं होतं असं ती म्हणणार नाही, पण शिकणारी माणसं एकमेकांना दिसायची. नव्या कोर्सांत शिक्षक दिसतो, सोबतचे दिसत नाहीत. कोर्सच्या पानावर प्रश्न विचारायची जागा आहे आणि तिथं उत्तरंही चांगली मिळतात, आयआयटींत पीएच.डी. करणारी मुलं दर आठवड्याला मोफत थेट तास घेतात, प्रश्न सोडवून दाखवतात, तेही जरूर गाठा. तरी गावोगावच्या वाचनालयांनी, शाळांनी, पतसंस्थांनी आठवड्यातून एक संध्याकाळ एक खोली उघडून दिली तर नाव घालणाऱ्यांतले कितीतरी जास्त जण शेवटापर्यंत पोचतील, असं मला मनापासून वाटतं.

परीक्षेचा फॉर्म सप्टेंबरमध्ये, गणपतीच्या तोंडावर भरला. परीक्षा ऐच्छिक आहे. नुसतं शिकायचं असेल तर नाही दिली तरी चालते. पण प्रमाणपत्र हवं असेल तर केंद्रावर जाऊनच द्यावी लागते. फॉर्ममध्ये बायकांनी नावाकडं नीट लक्ष द्यावं. माझी पदवी माहेरच्या नावावर, आधार कार्ड सासरच्या नावावर. फॉर्मवरचं नाव प्रमाणपत्रावर जसंच्या तसं येतं आणि केंद्रावर मूळ ओळखपत्र दाखवावं लागतं. मी आधारवरचंच नाव घातलं. पुढं नोकरीसाठी पदवी आणि हे प्रमाणपत्र शेजारी ठेवायचं असेल तर नावबदलाचं राजपत्र किंवा विवाह नोंदणीचा दाखला जवळ असू द्या. फोटो आणि सही स्कॅन करून लागते. सही पांढऱ्या कागदावर काळ्या पेनानं करून दिवसा उजेडात फोटो काढला तरी भागतं.

पैसे भरताना अडलं. खात्यातून हजार रुपये गेले, पण फॉर्म अपूर्णच दाखवत होता. हातपाय गार पडले, कारण मुदत जवळ होती. बँकेत विचारलं तर तिथल्यांनी 'आमच्याकडून गेलेत' एवढंच सांगून वाटेला लावलं. पुतणीच्या सरांनी सांगितलं, लगेच दुसऱ्यांदा भरू नका, दोन दिवस थांबा, व्यवहार क्रमांक लिहून ठेवा. तसं केलं आणि तिसऱ्या दिवशी फॉर्म पूर्ण झालेला दिसला. म्हणून सांगते, शेवटच्या दिवसाची वाट बघू नका, निदान आठवडाभर हातात ठेवून पैसे भरा.

पुतणीची अडचण वेगळी होती. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२१ च्या नियमांप्रमाणे विद्यापीठं एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयम'वरून करू देऊ शकतात आणि त्यांचे क्रेडिट (श्रेयांक) पदवीत धरले जातात. पण धरायचे की नाही, कुठल्या विषयाऐवजी धरायचे, हे कॉलेज आणि विद्यापीठानं आधी ठरवावं लागतं. तिच्या कॉलेजात सूचना लागली, मुलांनी नावं घातली आणि हा कोर्स त्यांच्या यादीत बसत नाही हे सप्टेंबरात कळलं. अर्धा वर्ग तिथंच गळला. पुतणी खूप हिरमुसली होती; दोन-चार दिवस तिनं लॅपटॉप उघडला नाही. "माझ्यासाठी तरी बस," असं मी तिला म्हणाले आणि ती बसली. कॉलेजच्या मुलांनी कोर्स निवडायच्या आधी विभागप्रमुखांकडून लेखी घ्यावं की हा कोर्स आपल्याला चालतो. तोंडी 'बघू, होईल' यावर विसंबू नये.

परीक्षेला कॉम्प्युटर समोर असतो, पण त्यावर प्रोग्रॅम चालवून बघता येत नाही. निवडीचे प्रश्न असतात; दिलेला प्रोग्रॅम वाचून उत्तर काय येईल ते सांगायचं. म्हणून शेवटचे दोन आठवडे आम्ही कागद-पेन्सिलवर सराव केला. आधी हातानं प्रत्येक फेरीत कशाची किंमत काय होते ते लिहायचं, मग चालवून ताळा बघायचा. असाइनमेंटचे जुने प्रश्न असे पुन्हा सोडवल्याचा मला सगळ्यात जास्त उपयोग झाला. पास व्हायला असाइनमेंटच्या २५ पैकी १० आणि परीक्षेच्या ७५ पैकी ३० असे दोन्हीकडं वेगवेगळे लागतात. बेरीज ४० भरली आणि एकीकडं कमी पडले तर प्रमाणपत्र मिळत नाही.

परीक्षा ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारात होत्या आणि कोजागिरी त्यातच आली होती. दूध संस्थेत त्या दिवशी काय घाई असते ते सांगायला नको. आमच्या सेक्रेटरींनी मात्र काही न बोलता सकाळचं संकलन दुसऱ्याकडं दिलं. आम्ही परीक्षेचं शहर कोल्हापूर निवडलं होतं. सकाळची पाळी ९ ते १२, त्याच्या तासभर तरी आधी पोहोचायचं. पहाटेची एसटी धरली. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे, तो खर्च किरकोळ. केंद्र शहराबाहेरच्या एका कॉलेजात, स्टँडवरून रिक्षाला मात्र एसटीच्या दोघींच्या तिकिटांपेक्षा जास्त गेले. हॉल तिकीट कागदावर छापून, मूळ आधार कार्ड, साधं पेन एवढंच आत. मोबाईल, घड्याळ, पर्स बाहेर. आणि ठेवायची सोय असेलच असं नाही. ह्यांना बरोबर नेलं होतं म्हणून निभावलं. एकट्या जाणार असाल तर सामान कमीत कमी न्या.

आत बसल्यावर बघितलं तर बहुतेक सगळी विशीतली मुलं. मला संकोच वाटला नाही असं नाही. पण कच्च्या कामाचा कागद हातात आला, पहिला प्रश्न डिक्शनरीवरचा निघाला आणि पेन चालायला लागलं, मग आजूबाजूला कोण आहे ते मनातून गेलं. तीन तास असतात, वेळ पुरतो. माझे शेवटच्या आठवड्यांतले, आलेखांवरचे (ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघांची जाळी) आणि पेजरँकवरचे (वेबपानांचा क्रम लावायची गुगलची पद्धत) प्रश्न कच्चे राहिले. तो भाग घाईत शिकवला जातो असं माझं मत आहे, त्याला जास्त वेळ काढा.

निकाल दिवाळी उलटून गेल्यावर आला. असाइनमेंटचे २५ पैकी २३, परीक्षेचे ७५ पैकी ४१. असाइनमेंटला चांगले मार्क पडतात म्हणून परीक्षा तशीच जाईल असं धरू नका, हे कळावं म्हणून दोन्ही आकडे दिलेत. ४० ते ५९ ला साधं प्रमाणपत्र, ६० पासून 'एलिट', ७५ ला रौप्य आणि ९० ला सुवर्ण अशी विभागणी आहे. प्रमाणपत्र पोस्टानं येत नाही, संकेतस्थळावरून उतरवून घ्यायचं. त्यावर फोटो आणि क्यूआर कोड असतो, तो स्कॅन करून कुणालाही खरं-खोटं तपासता येतं. पुतणीही पास झाली. तिच्या पदवीत यातलं काही धरलं जाणार नाही, तरी प्रमाणपत्र तिचंच आहे आणि नोकरीच्या अर्जात ती ते लावणार आहे.

संस्थेत आता दहा दिवसांच्या बिलाच्या आधी मी एक छोटा प्रोग्रॅम चालवते. मशीनमधली फाइल आणि खाद्याच्या उधारीची फाइल कोडवार जुळवून ज्यांचा ताळा बसत नाही त्यांचीच यादी तो काढून देतो. दर फॅटप्रमाणे बरोबर लागलाय का, ते तपासायचा भाग अजून जमलेला नाही, दरपत्रकाची मांडणी किचकट आहे. त्यासाठी पुढचं शिकायला हवं. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या प्रा. माधवन मुकुंद यांचा पायथनमधल्या डेटा स्ट्रक्चर्सचा, म्हणजे माहिती रचून ठेवायच्या पद्धतींचा, आठ आठवड्यांचा कोर्स बघून ठेवलाय. आठ आठवड्यांच्या कोर्सला सहा चांगल्या असाइनमेंट धरतात.

सेक्रेटरींनी संस्थेची वरची खोली बुधवारी संध्याकाळच्या संकलनानंतर वापरायला दिली आहे, वायफायसकट. बचत गटातल्या दोघीजणी आणि पुतणीच्या वर्गातली, मध्येच सोडलेली तीन मुलं जानेवारीच्या सत्राला नाव घालणार आहेत. आसपासच्या गावांतल्या कुणाला यायचं असेल तर बुधवारी साडेआठनंतर या. लॅपटॉप नसला तरी चालेल, दोघांत एक पुरतो. आधार कार्डावरचं नाव आणि स्वतःचा चालू ईमेल तेवढा लिहून आणा, नाव घालायचं काम तिथंच करू.